कंपासबाईंचा हलणारा त्रिकोण

शाळेत त्यांना सगळे कंपासबाई म्हणत. नुसत्या हाताने फळ्यावर असं वर्तुळ काढायच्या, की कंपासनं तोंड लपवावं. त्या वर्गात शिरल्या की पोरं चिडीचूप. बाईंना वाटायचं, यालाच शिस्त म्हणतात.

त्याच कंपासबाई महिनाभर धास्तावल्या होत्या. नव्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं होतं: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी होते हे मुलांनी पाठ करायचं नाही, संगणकावर स्वतः पडताळून पाहायचं. तपासनीस बाई येऊन बघणार. जमलं तर ठीक, नाहीतर भूमिती दुसऱ्याकडे आणि बाई ग्रंथालयात, पुस्तकांना कव्हरं घालायला. सगळी हयात फळ्यासमोर गेलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा ती कोणती?

सुनेने भूमितीचं एक मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर उतरवून दिलं. "अहो आई, फुकट ते पौष्टिक! बिनधास्त दाबा बटणं. बिघडलं तर पुन्हा उतरवू."

बिनधास्त कसलं! बाईंनी माऊस एकीकडे न्यावा, तर पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. शेवटी कसाबसा एक समभुज त्रिकोण उमटला. आता त्यात कोन लिहायचे. फळ्यावर त्या जसे लिहायच्या तसेच त्यांनी इथेही लिहिले, अक्षरांचं बटण दाबून तीन कोपऱ्यांत साठ, साठ, साठ. कोन मोजायचं काम ते सॉफ्टवेअर आपणहून करतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी घरून आणलेला तो त्रिकोण पडद्यावर लावून त्या जीव मुठीत धरून शाळेच्या संगणकाच्या खोलीत उभ्या राहिल्या. मागे तपासनीस बाई, शेजारी मुख्याध्यापक. तपासनीस बाईंनी पहिल्या बाकावरच्या एका अबोल मुलीला पुढे बोलावलं. तिने त्रिकोणाचं टोक पकडून बाजूला ओढलं. त्रिकोण पार आडवा झाला. आकडे मात्र तेच. साठ, साठ, साठ.

मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बोट पडद्याकडे नेलं आणि मागे घेतलं.

"बोल ना," तपासनीस बाई म्हणाल्या.

"हा कोन... साठचा नाहीये."

बाईंना ग्रंथालयातली कव्हरं दिसू लागली. संपलं सगळं.

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "फुकटचं सॉफ्टवेअर! दुसरं काय होणार?"

पळवाट आयती चालून आली होती. नुसती मान हलवायची होती. बाईंनी ती हलवलीही असती, पण एवढी वर्षं चुकीच्या उत्तरावर ज्या हाताने लाल फुली मारली, तो हात आता कुठे लपवणार?

"सॉफ्टवेअर बरोबर आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "आकडे मी हाताने टाइप केलेत. मोजायचं कसं ते मला माहीत नाही."

 मग मुलगी हळूच म्हणाली, "शोधू, बाई?"

एकेक बटण दाबत कोनाचं चिन्ह सापडलं. आता टोक ओढलं की आकडे पळायचे, बेरीज मात्र जागची हलायची नाही. पोरं उठून पडद्याभोवती जमली. कुणी वहीवर बेरजा करू लागलं, कुणी "अजून ओढ, अजून!" म्हणून ओरडलं. असा गलका कंपासबाईंच्या तासाला कधी झाला नव्हता.

"पडताळणं म्हणतात ते हेच. वर्ग तुमच्याकडेच राहू दे," तपासनीस बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "फळ्यावर बाईंचं कधी चुकलं नाही का गं?"

मुलीने मान खाली घातली. "चुकायचं की. सांगायला भीती वाटते."

बाईंना वर्ग वाचल्याचा आनंदही धड होईना. एका महिन्याच्या भीतीने त्या अर्ध्या झाल्या होत्या; ही पोरं तर रोज अशीच बसत होती, आणि त्या भीतीलाच बाई शिस्त समजत होत्या.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मुलीशेजारी बसल्या. "आता चौकोन काढू. माझं चुकलं तर लगेच सांग," त्या म्हणाल्या. आणि माऊस त्यांनी स्वतःच हातात घेतला.