काळी डबी आणि काजळी
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला एका जागी बसवत नाही. लासुर्ण्याच्या घरातली ती सकाळ आठवते. बहिणीला नोकरीची परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर द्यायची होती आणि मोबाइल चालणार नव्हता. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला नेट फक्त वायरीनं घेता यायचं, आणि राउटर तर पुढच्या खोलीत. म्हणून मी बारामतीहून एक काळी डबी आणली होती, वाय-फाय पकडून वायरीतून कॉम्प्युटरला देणारी. आदल्या दिवशी ती झकास चालली. परीक्षेच्या सकाळी मात्र तिचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. मी डबी खिडकीत ठेवून पाहिली, कपाटावर ठेवून पाहिली, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला. बहीण नखं खात म्हणाली, "दादा, जोडतंय का न्हाय?" मी तिच्यावरच खेकसलो. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून पुढच्या खोलीत धावलो, तर राउटर दिसेचना. त्याच्यावर पितळेचं मोठं पातेलं पालथं घातलेलं, वायरीवर टेकून जरासं कललेलं. आई म्हणाली, "कारखान्याची काजळी लई पडती बघ. आज पोरीची परीक्षा हाय, म्हणून झाकून ठिवलं." मी पातेलं उचललं. आतून बहिणीची हाक आली, "जोडलं." आता माझ्या पुण्याच्या घरी नेट अडखळलं की मी उगाच उठून राउटर बघून येतो. तो उघडाच असतो, झाकून ठेवायला इथं आई नाही, आणि मग मला पुन्हा बसवत नाही.