शंका मेंबरची

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतून माझी ट्रंक खाली आणली ती मंदा परबने. एक कडी तिच्या हातात, दुसरी माझ्या. दादरहून बंगलोरची बस दुपारी तीनची होती. वडील टॅक्सी बघायला पुढे गेले होते. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती, "पोचल्यार पत्र घाल गो." चाळीतली बहुतेक माणसं गॅलरीत आली होती. मंदाच्या वडिलांच्या खोलीचं दार मात्र बंद होतं. परबकाका आत होते. त्यांच्या चपला दाराबाहेर दिसत होत्या.

टॅक्सीत बसताना मंदा म्हणाली, "रॅकेटी मांडीवर घे. डिकीत फ्रेम वाकते."

एवढंच. आठ दिवसांपूर्वी एक ट्रायल मॅच जिंकल्यामुळे मी बंगलोरच्या कॅम्पला निघाले होते. ती मॅच मंदाविरुद्ध होती, आणि खरी ती मंदाने जिंकली होती.

हे मी जर्मनीतल्या एका लहान गावातून लिहिते आहे. डिलाईल रोड, लालबाग, परळ सोडून गेलेल्या माणसांच्या आठवणी मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत गॅलरीतल्या गप्पा असतात, गणपती असतात, एकमेकांच्या घरचं कालवण असतं. ते सगळं आमच्याकडेही होतं. पण मला घर आठवतं तेव्हा आधी किळस आठवते. ती वगळून लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, खरं असणार नाही.

संप सुरू झाला तेव्हा मंदा आणि मी तिसरीत होतो. माझे वडील साचेखात्यात मागावर होते, परबकाका टाइमकीपर. काका गिरण्यांच्या आपापसातल्या बॅडमिंटन स्पर्धा खेळलेले होते. संप कुणी मागे घेतला नाही आणि गिरणीही पुन्हा नीट चालली नाही. वडील आधी घरी बसले, मग शिवडीला एका गोदामात लागले. काकांना दादरच्या एका जिमखान्यात मार्करची नोकरी मिळाली.

गिरणीचा वेल्फेअर हॉल बंद होता, पण वॉचमन काकांच्या गावचा. तो आम्हाला मागच्या दाराने आत सोडायचा. तिथे काकांनी आम्हा दोघींना खेळायला शिकवलं. मेंबरांनी टाकून दिलेली शटलं ते घेऊन यायचे, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून पिसं सरळ करायचे. हॉलचं छप्पर इतकं खाली होतं की उंच मारलेलं शटल लोखंडी तुळईला लागून खाली पडायचं. त्यामुळे आम्ही सगळं सपाट मारायला शिकलो, नेटच्या वर दोन बोटं. असा खेळ सिंगल्समध्ये फार दूर नेत नाही. डबल्समध्ये तोच लागतो. आम्ही डबल्सच्या खेळाडू झालो त्याचं कारण छप्पर.

मार्कर म्हणजे काय ते सांगायला हवं. नेट बांधायचं, कोर्ट पुसायचं, आणि तीनच मेंबर जमले की चौथा म्हणून खेळायचं. चौथ्याने कसं खेळायचं हे कुठे लिहिलेलं नसतं. स्मॅश मारायचा नाही. मेंबरच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर शटल द्यायचं. गेम तेरा-चौदापर्यंत न्यायचा आणि हरायचं. रेषेजवळ पडलेलं शटल आत की बाहेर हेही मार्करनेच सांगायचं, आणि जराही शंका असली तर निकाल मेंबरच्या बाजूने द्यायचा. काका याला "शंका मेंबरची" म्हणायचे. म्हणताना हसायचे. आम्हीही हसायचो.

पुढे आम्हा दोघींनाही दुपारी त्या कोर्टावर खेळायला मिळू लागलं. बदल्यात संध्याकाळी चौथी कमी पडली की आमच्यापैकी एकीने उभं राहायचं. आमचं पाणी बाहेरच्या माठात, ग्लास वेगळा. एकदा गेम संपल्यावर एका मेंबरने तोंड, मान आणि काखा पुसलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि तो गप्पा मारत निघून गेला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो ओला गारवा मला अजून नेमक्या त्या जागी जाणवतो. मी टॉवेल घडी करून टोपलीत ठेवला. घडी का केली, हे मला सांगता येत नाही.

जिमखान्याचे सेक्रेटरी निवड समितीवरही होते. एकदा ते काकांना म्हणाले, "परब, तुझ्या पोरी छान खेळवतात हं." काकांनी घरी येऊन हे कौतुक म्हणून सांगितलं. मंदा म्हणाली, "बाबा, खेळवतात म्हणाले. खेळतात नाही म्हणाले."

सेक्रेटरींची मुलगी रचना राज्याच्या संघात यावी असं त्यांना वाटत होतं. एकटीच्या बळावर ती येणार नव्हती. जोडी हवी होती. आम्हा दोघींतून त्यांनी मला निवडलं. मी जास्त चांगली होते म्हणून नाही. दोघींच्या मधोमध आलेलं शटल मंदा सोडत नसे. मी जोडीदारासाठी सोडायचे. निरोप काकांमार्फत आला. काका नळावर मला गाठून म्हणाले, "तू जा, सुलू. दोघींनी अडकून पडण्यात काय अर्थ आहे? मंदाचं पुढच्या वर्षी बघू म्हणतायत."

मंदा मागे बादली घेऊन उभी होती. "जा की गं," ती म्हणाली. "मेंबर झालीस. आता शंका तुझी."

मी गेले. मंदाने शिवडीच्या एका मुलीबरोबर जोडी केली आणि महिनाभरात ट्रायलच्या शेवटच्या मॅचपर्यंत आली. समोर रचना आणि मी. जी जोडी जिंकेल ती बंगलोरला जाणार होती. पुढे सरकारी कंपन्यांत खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी जवळजवळ नक्की. आमच्या चाळीत तेव्हा नक्की असं काही कुणाकडे नव्हतं.

लाइन्समन कमी होते. सेक्रेटरी म्हणाले, "परब, तू बस मागच्या रेषेला." पोरीच्या मॅचला बाप बसवतात का, असं कुणी विचारलं नाही. मार्कर हा माणूसच धरला जात नसे, मग बाप कुठून?

तिसऱ्या गेमला काका आमच्या बाजूच्या मागच्या रेषेवर होते. पंधराचा गेम, चौदा-बारा, दुसरी सर्व्हिस मंदाची. एक पॉइंट मिळाला की ती बंगलोरला. मंदाने रचनाच्या खांद्यावरून सपाट शटल मारलं. रचनाने सोडलं. मी वळून बघितलं तेव्हा ते पांढऱ्या रेषेवर पडत होतं. बाजूला नाही, रेषेच्या मधोमध. अंपायरने काकांकडे बघितलं.

काकांनी दोन्ही हात पसरले. बाहेर.

त्यांच्यावर कुणी दबाव आणला असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. सेक्रेटरी त्या वेळी दाराशी पाठ करून चहा पीत होते. त्यांनी शटल बघितलंही नव्हतं. कोर्टाच्या ज्या बाजूला मेंबर, त्या बाजूला निकाल, असं आठ वर्षं चाललं होतं. या बाजूला रचना होती. हात विचाराच्या आधी गेले. मग काकांनी आपल्याच हातांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. अंपायरने विचारलं, "नक्की ना?" काकांचे हात खाली आले नाहीत.

मंदाने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. शटल आमच्या कोर्टात पडलेलं होतं. खेळाडूने स्वतः "आत" म्हटलं असतं तर अंपायरने पॉइंट दिला असता. मी शटल उचललं, त्याचं एक वाकलेलं पीस सरळ केलं आणि सर्व्हिससाठी रचनाकडे दिलं. तो गेम शेवटी आम्ही घेतला.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. रचनाने दीड वर्षात लग्न केलं आणि ती अमेरिकेला गेली. मला नोकरी मिळाली. सात वर्षांत माझ्या चार जोड्या झाल्या, सगळ्या ऑफिसने ठरवलेल्या. डबल्समध्ये जोडीदाराबरोबर एका खोलीत राहायचं असतं. तिच्या गुडघ्याला कुठलं मलम लागतं, तिची पाळी कधी येते, हरल्यावर ती किती तास बोलत नाही, हे सगळं पाठ होतं. जोडी बदलली की तीच मुलगी जेवणाच्या टेबलावर नुसती मान हलवते. मी सगळ्यांना चालायचे. मॅनेजरच्या रिपोर्टात माझ्यापुढे "अ‍ॅडजस्ट करते" असं लिहिलेलं असे. म्हणजे मधलं शटल सोडते. ज्या कामासाठी सेक्रेटरींनी निवडलं तेच काम मी देशभर करत फिरले, फक्त टी-शर्टावर कंपनीचं नाव होतं.

सत्ताविसाव्या वर्षी गुडघा गेल्यावर इथल्या एका फेराइनने, म्हणजे गावच्या क्लबने, लीगसाठी आणि कोचिंगसाठी बोलावलं. एका सीझनसाठी आले आणि राहिले. इथे नेट सगळे मिळून बांधतात, दाताचा डॉक्टरसुद्धा. पहिल्याच दिवशी मी पळत जाऊन पोछा घेतला. एका बाईने तो काढून घेतला. "आज माझा नंबर आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात साठीचा एक इलेक्ट्रिशियन, होर्स्ट, माझ्यासमोर खेळत होता. दहा मिनिटांनी तो थांबला आणि नेटपाशी आला. "तू खेळत नाहीयेस," तो म्हणाला. "तू मला सांभाळतेयस. मला ते आवडत नाही." तो हसला नाही. मी त्याला प्रत्येक शटल उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर देत होते, आणि ते मला माहीतही नव्हतं. काकांच्या हातांना जे झालं होतं ते माझ्या हातांनाही झालं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. त्याने काही होणार नव्हतं.

गेल्या वर्षी मुंबईला गेले. गिरणीच्या जागी टॉवर आहे. वेल्फेअर हॉल होता साधारण तिथे टॉवरचं क्लबहाउस, लाकडी कोर्ट, एसी. मंदा तिथे कोच आहे. अजून त्याच चाळीत राहते. काका आता अंथरुणावर असतात. त्यांनी मला ओळखलं, आईची चौकशी केली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मंदाने चहा टाकला. "टॉवरवाल्यांनी तक्रार केली माझी," ती म्हणाली. "कोच फार जोरात मारतात म्हणे. मी म्हटलं, मग बाजूला व्हा."

आम्ही हसलो. मग मी म्हणाले, "मंदा, ते शटल आत होतं."

"रेषेवर होतं."

"मी बोलले नाही."

"नाही बोललीस." तिने चहा गाळला. "बाबांनी दुसऱ्याच दिवशी जेवताना सांगितलं. हात आपोआप गेले म्हणाले. रडले. त्यांचं मी तेव्हाच सोडलं. तुझे हात आपोआप गेले नव्हते ना, सुलू? तू बघितलंस. विचार केलास. मग पीस सरळ केलंस."

"हो. माफी मागायला आले आहे."

"ते कळलं मला, दारात उभी राहिलीस तेव्हाच." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "नाही देणार. आता दिली तर तू तिकडे जाऊन सुखाने राहशील. तुझ्याकडेच असू दे. चहा घे, गार होईल."

मी चहा घेतला. तिने रात्रीच्या जेवणाला थांबवून घेतलं, बांगडा तळला, काकांना भरवलं. जाताना रस्त्यापर्यंत आली.

इथे गावात रेषेवरून वाद झाला की लोक मला विचारतात. मी आत म्हटलं की आत, बाहेर म्हटलं की बाहेर. माझ्यावर कुणी शंका घेत नाही. मी प्रामाणिक आहे असं या गावात मानतात, आणि त्यावर माझं इथलं सगळं आयुष्य बरं चाललं आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं की मात्र मी डिलाईल रोड सांगते. मला नीट ओळखणारी दोन माणसं त्या चाळीत एका खोलीत राहतात. पुढच्या वर्षीही मी तिथे जाणार आहे. मंदा चहा देईल. माफी देणार नाही.