नलूचा अनंत आणि दत्ताचं गाऱ्हाणं

"भाऊ, आमचो दादा गेलो…" सुमनताईंचा फोन आला तेव्हा मला पहिलं काय आठवलं, ते सांगायची लाज वाटते. आदल्याच रविवारी मी दत्तावर डाफरलो होतो. वाकोल्याला सुमनताईंच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या घरामागे लावलेला अनंत बघायला चल, म्हणून तो मागे लागला होता. "मेलेलं झाड काय बघायचंय?" म्हणत मी फोन ठेवून दिला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

दत्ताराम मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तीस वर्षं माझ्या खालच्या मजल्यावर. साकीनाक्याला लेथवर काम केलेला मालवणी माणूस. कुंपणाशी अनंत लावला होता माझ्या बायकोने, नलूने. ती गेली, तो मात्र माझ्या डोक्यावर वाढला. इमारत पुनर्विकासाला निघाली तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, झाडच ते. खरं तर ते तुटताना बघवणार नव्हतं. दत्ताने ते ओळखलं. "वैनीच्या हातचा झाड ता. मी न्हेतंय," एवढंच म्हणाला.

मग दोन महिने त्याचा उद्योग चालला. आधी एका बाजूची मुळं खणून छाटली, महिनाभर थांबून दुसऱ्या बाजूची. फांद्या कमी केल्या. उगवतीकडच्या फांदीला लाल दोरा बांधला, नव्या जागीही तिचं तोंड उगवतीलाच राहावं म्हणून. मी विज्ञानाचा मास्तर, शेजारी खुर्ची टाकून टोमणे मारत बसायचो. मुळांचा गड्डा मातीसकट गोणपाटात बांधून झाला, तेव्हा पठ्ठ्याने नारळ ठेवून, मालवणी रिवाजाने देवाला चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या झाड आज आम्ही दुसरीकडे न्हेतव. तेका थंय रुजव, काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!" टेम्पोवाल्यासकट सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी तोंड मिटून उभा. दत्ताने माझ्याकडे बघितलं आणि टेम्पोत चढला.

वाकोल्यात महिन्याभरात सगळी पानं झडली. मी गेलो की तो नखाने साल खरवडून दाखवायचा, "बघ, आत हिरवा असा. रुसलाहा फक्त." मला त्या काड्यांत नलूचं आजारपण दिसायचं. मी जाणं सोडलं. तो मात्र दर गुरुवारी पाणी घालायला जात राहिला.

बाराव्याला सुमनताईंनी मला घरामागे नेलं. प्रत्येक पेराला कोवळी, तकतकीत पानं फुटली होती. "दादाक तुमका ह्याच दाखवूचा होता," त्या म्हणाल्या. दत्ता, तुझे आभार मानायचे राहिले रे… नलूचं एवढं एक तू माझ्यासाठी जगवलंस, आणि मी तुला ओरडलो.

आता दर गुरुवारी पाणी घालायला मी जातो. लाल दोरा विटलाय, पण उगवतीलाच आहे. गेल्या खेपेला त्याच फांदीवर पहिलं फूल उमललं होतं. तोच वास, नलूच्या अंबाड्यातला. आसपास कोणी नव्हतं. असतं तरी चाललं असतं. झाडासमोर हात जोडले आणि मास्तरकीच्या खणखणीत आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"