माझ्या खुर्चीवर बसलेला इंग्रज

माणसाच्या आवाजाची जागा कोणतंही यंत्र घेऊ शकत नाही. शब्दामागे जिवंत माणूस उभा असतो आणि ऐकणाऱ्याचं अंतःकरण त्याला ओळखतं. हे विचार मी पस्तिशीत फार तळमळीने मांडत असे. ते मला सुचण्याचं कारण एवढंच, की एका यंत्राने माझी जागा घेतली होती. जागा म्हणजे वेताची खुर्ची, डाव्या हाताकडचा वेत उसवलेली.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी सोलापुरात एका कापड गिरणीच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो. ज्यांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं ते सर आता निवृत्त होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. नोकरीत असताना त्यांनी रहस्यकथा वाचणाऱ्या मुलांच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. त्यांत एक हात माझाही होता. डोळे गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बरंच घसा खाकरून सांगितलं, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक प्रसिद्ध रहस्यकादंबरी त्यांची वाचायची राहून गेली आहे. ती भाषेसाठी वाचायची, असंही ते म्हणाले.

कादंबरी सहाशेच्या वर पानांची. एवढं धूड हातात पेलत नाही अशी सभासदांची तक्रार म्हणून वाचनालयाने ती बाइंडरकडून दोन भागांत बांधून घेतली होती. एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक मिळे, त्यामुळे पहिला भाग सरांच्या नावावर घेतला आणि दुसरा माझ्या. गिरणीतून सुटलो की सहा ते सात मी सरांच्या पडवीत त्या खुर्चीवर बसून मोठ्याने वाचत असे. सर समोर पलंगावर, मांडीवर चादर घेऊन, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवून काही फरक पडत नव्हता, पण मिटले की ते ऐकताहेत असं दिसायचं.

गोष्ट एका मोठ्या घरातली होती. घराभोवती सतत धुकं. म्हातारा मालक मेल्यावर कपाटातून त्याचं मृत्युपत्र नाहीसं होतं, आणि घरातल्या प्रत्येकाला ते नाहीसं व्हावं असं वाटण्याजोगं काहीतरी कारण असतं. आमची अट अशी होती, की दोघांपैकी कुणीही पुढचं वाचायचं नाही. सरांना ते शक्यच नव्हतं, तेव्हा अट माझ्यावरच होती. ती मी पाळली. दुसरा भाग माझ्या घरी उशाशी पडलेला असताना पाळली, हे नोंदवून ठेवतो.

शेवटची दहा मिनिटं काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची. काकू मैंदर्गीच्या, माहेरची भाषा कन्नड; इंग्रजीशी त्यांचा संबंध सरांच्या पगारापुरता आला होता. त्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसायच्या आणि मी त्या दिवशीची हकिगत मराठीत सांगायचो. सरांचा संशय पुतण्यावर होता, कारण तो जुगार खेळत असे. माझा मुलांना शिकवणाऱ्या बाईवर होता, कारण ती फार शांत होती. काकूंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता.

"वकील," त्या म्हणाल्या. "परक्याच्या घरात तीन तीनदा चहा पितो, आन् एकदाबी विचारत न्हाई की तुमी कसे हाय."

सरांनी हसून सांगितलं, की इंग्रजी समाजात वकिलाचं स्थान वेगळं असतं. काकूंनी मेथीची जुडी सोडली.

त्या तीन महिन्यांत मी किती सुखी होतो हे मला तेव्हा कळलं नाही. सरांचे जुने विद्यार्थी पुष्कळ होते; कुणी डॉक्टर, कुणी मामलेदार. ते दिवाळीला येऊन पाया पडून जात. रोज सहा वाजता सर ज्याच्या पावलांकडे कान लावून बसत तो मी होतो. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना आपोआप कळेल अशा बेताने मात्र वागत होतो.

आणि मग मी स्वतःच घात केला. सरांची मुलगी विलायतेत होती. तिला पाठवायची पत्रं सर सांगत आणि मी लिहीत असे. एका पत्रात मी कादंबरीचं नाव, सरांना ती किती आवडते आहे हे, आणि ती कोण वाचून दाखवतं हे जरा सविस्तर लिहिलं. सरांनी सांगितलं होतं त्याहून सविस्तर. दोन महिन्यांनी जावयाच्या ओळखीचा एक माणूस खोकं घेऊन आला. खोक्यात एक टेपरेकॉर्डर आणि बारा कॅसेटी. तिकडे अंधांसाठी पुस्तकं वाचून टेप करतात. आमची संपूर्ण कादंबरी कुणा नामवंत इंग्रज नटाने वाचलेली होती.

यंत्राचं उद्घाटन झालं. हा शब्द माझा नाही, वाचनालयाच्या अध्यक्षांचा आहे. ते कोट घालून आले. निवृत्त न्यायाधीश आले, शाळेचे दोन मुख्याध्यापक आले, एक आजी आणि एक माजी. पडवीत विजेचं बटण एकाच ठिकाणी होतं, माझ्या खुर्चीमागे. म्हणून यंत्र माझ्या खुर्चीवर ठेवलं. खाली नवी चादर घातली. त्या खुर्चीवर तीन महिन्यांत माझ्यासाठी कुणी चादर घातली नव्हती. काकूंनी यंत्राला हळदकुंकू लावलं आणि अध्यक्षांनी नारळ फोडला. मी खांबाला टेकून उभा होतो.

अध्यक्षांनी विज्ञानावर भाषण केलं आणि खोक्यात हात घालून सर्वांत वरची कॅसेट उचलली. तिच्यावर बाराचा आकडा होता, तो मी पाहिला. ही शेवटची कॅसेट, म्हणजे कादंबरीचा शेवट, चोर कोण ते आता भर सभेत कळणार. मी 'थांबा' म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण मला वाटलं, ऐकू दे. या इंग्रजाकडून सगळं एकदम कळू दे, म्हणजे उद्यापासून त्याच्याकडे ऐकण्यासारखं काही उरणार नाही. माझ्याकडेही उरणार नाही हे लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं. तोवर कॅसेट सुरू झाली होती.

साहेबाचा आवाज खर्जातला, मखमली होता. मी मत्सराने सांगतो आहे, तेव्हा खराच असला पाहिजे. सगळे निश्चल बसले. न्यायाधीश अधूनमधून मान डोलवत होते. मी श्वास रोखून चोराचं नाव कानावर येण्याची वाट पाहत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वीस मिनिटांत मला एकंदर चार शब्द कळले, त्यांतला एक 'चहा' होता. मी गिरणीची इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे समजल्यासारखे होते, आणि सर तर डोळे मिटून हलकेच हसत होते. शेवटच्या कॅसेटने सुरुवात झाली आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. बटण दाबून आवाज बंद केल्यावर सर म्हणाले, "वा. काय उच्चार आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. सरांनी येऊ नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही म्हटलं नव्हतं, आणि बसायला खुर्ची नव्हती. सहा वाजता मी मुद्दाम त्या गल्लीतून घरी जायचो. पडवीतून साहेबाचा आवाज यायचा. त्याला दम लागत नव्हता, खोकला येत नव्हता, गिरणीत वरिष्ठांशी भांडण झालं म्हणून त्याचा एक परिच्छेद सुटत नव्हता. दुसऱ्या भागाची मुदत संपली तेव्हा मी तो परत न करता पुन्हा माझ्याच नावावर लावून घेतला. वाचत नव्हतो. दुसऱ्या कुणी वाचू नये एवढाच हेतू होता. 'यंत्र आणि माणूस' या विषयावर मी कचेरीत जी मतं मांडली ती याच काळातली. सहकाऱ्यांना ती फार खोल वाटली.

तीन आठवड्यांनी मंडईत काकू भेटल्या. मी दुसऱ्या बाजूला वळणार, तेवढ्यात त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"येत न्हाईस की तू."

मी म्हणालो, आता सरांकडे विलायतेहून माणूस आलेला आहे.

"तो माणूस लई चांगला हाय," काकू म्हणाल्या. "सहाला सुरू होतो. सव्वासहाला हे घोरतात. मी बटण बंद करते आन् भाकरी टाकते. त्या वकिलाचं काय झालं ते मला कोण सांगणार?"

त्याच संध्याकाळी मी दुसरा भाग घेऊन गेलो. यंत्र खुर्चीवरून काढून, लांब वायर जोडून, खिडकीत ठेवलेलं होतं. सरांनी पावलं ओळखली. बराच वेळ गिरणीची, उन्हाची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला त्याचं एक वाक्य धड कळत नाही रे. तो शब्द अर्धेच बोलतो."

सरांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण पुस्तकातून. त्यांना शिकवणाऱ्यांनीही पुस्तकातूनच शिकवलं होतं. सर शब्दातलं एकही अक्षर वाया जाऊ देत नसत, जे छापलं आहे ते उच्चारलंच पाहिजे हा त्यांचा नियम, आणि तोच पट्टीने माझ्यात उतरला होता. ते इंग्रजी सोलापुरात आम्हा दोघांनाच पूर्ण कळत होतं. मी 'हो, तो फार घाई करतो' एवढंच म्हणालो, आणि जिथे थांबलो होतो ते पान काढलं. इतकं मोकळं मी आयुष्यात वाचलं नसेन.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेवटची तीन प्रकरणं उरली असताना बहिणीच्या घरी कार्य निघालं आणि मला चार दिवस मोहोळला जाणं भाग पडलं. सर म्हणाले, आल्यावर वाचू. मला मात्र धीर नव्हता. चार दिवस ती खिडकी, ते यंत्र आणि सर यांना एकत्र सोडून जायचं माझ्या जिवावर आलं. यंत्राला टेप करण्याचंही बटण होतं. विकत आणलेल्या कॅसेटीवर ते दाबलं जात नाही, पण कॅसेटीच्या कडेच्या दोन खाचांवर कागद चिकटवला की दाबलं जातं, हे मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं. मी सरांना विचारलं, की राहिलेली प्रकरणं टेप करून ठेवू का. त्यांनी अट आठवून जरा विचार केला आणि परवानगी दिली.

रविवारी सर आणि काकू देवळात गेले असताना मी पडवीत बसलो. बाराव्या नंबरची कॅसेट घेतली, खाचांवर कागद चिकटवला आणि त्या नामवंत नटाला पहिल्या शब्दापासून पुसत गेलो. तिन्ही प्रकरणं वाचली. प्रत्येकाच्या शेवटी काकूंसाठी मराठीत हकिगत सांगितली. चोर वकीलच निघाला. ते मी, खेद न दाखवता, टेपमध्ये सांगितलं.

मोहोळहून परत आलो तो तडक सरांकडे. काकू दारातच भेटल्या. त्यांनी टेप शेवटपर्यंत ऐकली होती, त्यातलं मराठी तेवढं कळलं म्हणाल्या, आणि वकिलाचं त्यांनी अजून सरांना सांगितलेलं नव्हतं.

मी विचारलं, सरांनी ऐकली नाही का.

"रोज लावत होते की," काकू म्हणाल्या. "तो विलायतेचा पंधरा मिनिटं तरी जागं ठेवायचा. तुझ्यात सात मिनिटांत झोपले."