पासवर्ड न लागणारा माणूस

निपाणीजवळच्या एका डायलिसिस केंद्राची ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही, आणि आठवली की आजही चिडचिड होते. तेव्हा मी बेळगावात सायबर गुन्ह्यांचे तपास पाहत होतो.

सकाळी केंद्र उघडलं तेव्हा संगणकावर एकाही रुग्णाची माहिती नव्हती. अशा वेळेसाठी आतल्या खोलीत बॅकअप सर्व्हर होता, रोजची प्रत त्यावर जायची. तोही पुसलेला. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं गेलं.

चिकोडीकडचा एक शेतकरी आईला घेऊन आला होता. मला म्हणाला, "साहेब, आईचं पाणी किती काढायचं ते डॉक्टर मलाच विचारायल्यात. मी काय सांगू?" डॉक्टरांनी अंदाजाने कमीच काढलं. संध्याकाळपर्यंत म्हातारीला धाप लागली आणि तिला बेळगावच्या इस्पितळात हलवावं लागलं.

फिर्याद केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी दिली. त्या मराठीत सांगणार, आमचा लेखनिक कन्नडमध्ये लिहिणार, मग मी ते त्यांना मराठीत समजावणार. त्यात निम्मा दिवस गेला.

दूर बसून सर्व्हर चालवता येतो अशा एखाद्या संगणकावरून, म्हणजे रिमोट कन्सोलवरून, कुणीतरी आत शिरलं होतं, असं आमच्या तज्ज्ञाने सांगितलं. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, पासवर्ड कुणाला दिलात?

"कुणाला नाही सर," बाई म्हणाल्या. "जुन्या टेक्निशियनला काढलं त्याच दिवशी बदलला. नवा मला आणि डॉक्टरांनाच ठाऊक."

डॉक्टरांचा जबाबही शब्दाला शब्द तोच. कुणी खोटं बोलत असेल तर तपास पुढे सरकतो. इथे सगळे खरं बोलत होते आणि मी जागच्या जागी होतो.

मग निपाणीतल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. संगणकाचे सुटे भाग विकणारा सज्जन माणूस. "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. तो जुना टेक्निशियन मागं दुकानात आलता. म्हणत हुता, बघा अण्णा, आता हातापाया पडून मला परत बोलवतील. मला वाटलं, रागानं बोलतोय."

हा टेक्निशियन कोगनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात राहायचा. गाडीने जायला वेळ लागत नाही, पण मधे राज्याची हद्द. पलीकडच्या ठाण्याला आमचं पत्र कन्नडमध्ये गेलं, त्यांना मराठीत हवं होतं. मराठीत दिलं, तर त्यावर वरिष्ठांची सही नव्हती. सहीसाठी माणूस पुन्हा बेळगावला. तिकडे म्हातारी ऑक्सिजनवर होती.

शेवटी तो समोर बसला. चाळिशीचा, नीटनेटका, अजिबात न घाबरलेला.

"त्यांनी पासवर्ड बदललाय साहेब. मी कसा शिरणार?"

"बदललाय हे तुला कुणी सांगितलं?"

"बदलत्यातच की. माणूस गेला की."

मी वाद घातला नाही. म्हातारीची हकीकत सांगितली. मग तो हळूच म्हणाला, "मला पासवर्ड लागतच न्हाय."

काम सोपं व्हावं म्हणून त्याने कधीकाळी घरचा कन्सोल आणि केंद्रातला बॅकअप सर्व्हर यांची एकमेकांशी ओळख करून दिली होती. दोघांकडे जुळणाऱ्या गुप्त खुणा होत्या. खूण पटली की सर्व्हर काही न विचारता आत घ्यायचा, आणि तिथून केंद्राचा संगणकही उघडायचा. पासवर्ड बदलला तरी ती ओळख तशीच राहिली.

"सगळी प्रत माझ्याकडं हाय साहेब. परत दिलंच असतं. त्यांनी नुसता फोन करायचा हुता."

"आणि मधल्या मधे म्हातारी गेली असती तर?"

"ते डोक्यातच आलं न्हाय."

त्याच्या कपाटातली डिस्क पंचांसमक्ष जप्त केली. तीही लगेच देता येईना. न्यायालयाच्या परवानगीने प्रत काढली आणि ती केंद्राला दिली. म्हातारी वाचली, पण नंतर मुलगा तिला दुसरीकडे नेऊ लागला. टेक्निशियनवर दोषारोपपत्र गेलं.

मी बाईंना विचारलं, "त्याचा संगणक सर्व्हरवरून काढून का टाकला नाही?"

"सर, जोडला त्यानंच होता. काढायचा असतो हे त्यानं सांगायला नको का?"

माणसाला कामावरून काढताना आपण त्याच्याकडून वस्तू परत घेतो. त्याच्यावर टाकलेला विश्वास कुठे कुठे जोडलेला आहे, हे कुणी बघत नाही. आता एखाद्या संस्थेत मला बोलायला बोलावलं की मी हीच हकीकत सांगतो आणि विचारतो, तुमच्याकडून गेलेल्या माणसांना तुमची यंत्रं अजून ओळखतात का? मग मागून कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, "सर, पासवर्ड किती अक्षरांचा ठेवावा?"