फरक रोगाचा की वाराचा

माझी थोरली बहीण इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, कंत्राटी. मीठसुद्धा चिमट्यानं उचलेल म्हणून घरात तिला चिमटीताई म्हणतात. पन्नाशीला टेकली तेव्हा साहेबांनी तिला मायक्रोअ‍ॅरे शिकायला बसवलं. दिवसभर ड्युटी, वर संध्याकाळी वर्ग, नि शिकवणारा पोरगा तिच्या लेकाहून लहान.

तिनं मला समजावलं ते असं. शरीरातल्या पेशींत जनुकं तीच असतात, पण सगळी एका वेळी कामावर नसतात. काचपट्टीवर हजारो ठिपके, एकेक ठिपका एकेका जनुकाचा. जनुक राबतं तेव्हा आरएनए बनतो; रक्तातल्या त्या आरएनएपासून नक्कल बनवायची, तिला चमकणारा रंग लावून पट्टीवर सोडायची. जे जनुक जोरात राबतंय, त्याचा ठिपका झगझगतो.

रंगाच्या कारखान्यातल्या खोकणाऱ्या कामगारांचं रक्त मीच मिळवून दिलं होतं, कामगारांच्या बाजूनं आम्ही कारखान्यावर लावलेल्या दाव्यासाठी. जोडीला गल्लीतल्या धडधाकट लोकांचंही. दोघांच्या ठिपक्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. साहेब खूश. निकाल छापून आला की ताई कायम होणार, हे ठरलेलं.

मग वर्गात तो पोरगा सहज बोलून गेला, की हवा दमट झाली, रंगाची बाटली बदलली, तरी ठिपके बदलतात. म्हणून आजारी नि निरोगी नमुने एकाच दिवशी, आलटून-पालटून लावायचे. ताईनं वही उघडून तारखा पाहिल्या. नीटनेटकेपणाच्या खोडीनं तिनं आजारी सगळे सोमवारी लावले होते, धडधाकट सगळे गुरुवारी.

भावजी म्हणाले, गप्प बस, कुणाला कळतंय. मी तर भडकलेच. एवढ्या लोकांच्या विनवण्या केल्या, त्या काय वाऱ्यावर गेल्या? ताईला चपला काढायचंही त्राण नव्हतं.

"कारखान्याचा वकील पहिलं हेच विचारेल," एवढंच ती म्हणाली.

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

तिनं साहेबांना सांगून टाकलं. कायम व्हायचं लांबणीवर पडलं. जुने नमुने संपलेले, म्हणजे पुन्हा रक्त घेणं आलं. ती स्वतःच कामगारांच्या दारी गेली, मी मागून. त्यांच्यातला सगळ्यांत जुना बॉयलरवाला. सुई पाहून त्यानं खोकत विचारलं, "बाई, मागचं सांडलंत काय?"

"सांडलं नाही दादा. तुम्हा सगळ्यांचं एकाच वारी लावलं, तिथं चुकलं माझं."

त्यानं बाही सारली. "मग या खेपेला पंचांग बघून लावा."

ताई हसली नाही. त्याचा दंड मागच्या खेपेपेक्षा बारीक झाला होता, शीर सापडेना. ती तिथंच फरशीवर बसली, त्याचा हात मांडीवर घेतला नि पुन्हा चाचपू लागली.