सर्टिफिकेटवाली सीडी

डॉक्टर म्हणाले, आईचा डावा कान गेलाच आहे आणि उजवाही आता फार दिवस साथ देणार नाही. मशीन लावून बघू म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्यांचाही त्यावर विश्वास नाही. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "एकदा यांचा आवाज ऐकव. मंग गेले कान तर गेले."

झालं! बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज कुठे म्हणून साठवलेला नव्हता. तेव्हाच्या आमच्या फोनवर नुसतं बोलता यायचं. काकाच्या हळदीच्या कॅसेटमध्ये बाबा चांगले ओरडून बोलताना दिसतात, पण त्या शूटिंगवाल्या दीडशहाण्यानं कॅसेटभर गाणी चढवलीत. आमच्याकडे तशीच पद्धत. माणसं तोंडं हलवतात आणि वर बेंजो वाजतो. तो भेटला असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

उरला एक सिनेमा.

बाबा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. एकदा पळस्प्याला हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. वाहतुकीत अडकलेल्या हिरोला एक ट्रेलरवाला खाली उतरून शिवी घालतो, एवढाच सीन. त्यांचा नट आला नाही आणि बाबा ट्रेलरसकट समोर उभे. घेतलं त्यांनाच. आई डबा घेऊन पोचली तेव्हा तिला रस्त्यापलीकडे दोरीच्या मागे थांबवलं होतं. हॉर्नच्या गोंगाटात तिला शब्द ऐकू आला नाही, पण बाबांचे हातवारे बघून तिनं पदर तोंडाला लावला. बाबा मात्र नंतर गावभर सांगत सुटले, "अशी दिली, अशी दिली, हिरो गार झाला!"

सिनेमा लागला तेव्हा सेन्सॉरनं ती शिवी कापून टाकलेली. बाबा केबिनचं दार उघडतात, खाली पाय टाकतात, आणि तोंड उघडायच्या आत हिरो घरी पोचलेला असतो. पुढे सीडी निघाली. पनवेलच्या दुकानात दोन प्रकार होते: एक सर्टिफिकेटवाली, कापलेली, दुसरी परदेशात विकायला काढलेली, बिनसर्टिफिकेटची, बनवणाऱ्यांनी बनवली तशी अख्खी. दुकानदारानं आईला सांगितलं, "ताई, तुमच्या मिस्टरांचा पूर्ण सीन हिच्यात आहे." आईनं तिला हातसुद्धा लावला नाही. सरकारचा शिक्का असेल तीच खरी सीडी, बाकीचा माल चोरीचा नाहीतर घाणेरडा, अशी आमच्या आळीत सगळ्यांचीच पक्की समजूत होती. "आनि पोरांसमोर बापाची शिवी वाजवू काय?" असं म्हणून ती शिक्क्याची घेऊन आली. अख्खी आळी टीव्हीसमोर जमली आणि सगळ्यांनी बाबांचा पाय पाहिला. बाबा म्हणाले, "चप्पल तरी माजी वळखू येते." त्यानंतर वर्षभराच्या आत ते गेले, ट्रेलर लावून झोपले ते उठलेच नाहीत.

मी शोधायला लागले. मोबाइलवर पैसे भरून बघायच्या ठिकाणी तो सिनेमा होता, पण शिक्क्याचाच. तिथेही नुसता पाय. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. जुन्या सिनेमांच्या एका ग्रुपवर विचारलं तर एका गृहस्थानं सेन्सॉर का हवा यावर मला लांबलचक व्याख्यान दिलं. अहो, मला तुमचं ज्ञान नको, माझा बाप हवाय! असं लिहिलं आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

इकडे आईला कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. भात करपला. मी बोलले की ती माझ्या ओठांकडे बघायची. "तोंड इकडं करून बोल," म्हणायची, आणि हळूहळू बरंचसं ओठांवरूनच ओळखू लागली. मी रोज तिच्या मागे उभी राहून हाक मारायचे. वळली की जीव भांड्यात पडायचा. मग वळेनाशी झाली. कानाजवळ ओरडलं तरच. अंघोळीला गेले की मी रडायचे. आवाज लपवायला नळ सोडायचीही गरज उरली नव्हती.

शेवटी मला पूर्वी आमच्या आळीत राहणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मावशी आठवल्या. लेकीपाठोपाठ इस्राएलला गेल्या तरी दिवाळीला न चुकता फोन करतात. मी फोन लावून नुसतं सिनेमाचं नाव घेतलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे परदेशातलीच सीडी मिळायची. आहे की माझ्याकडे! तुझ्या बाबांना बघायला आम्ही किती वेळा लावली." किती वेळा! आणि आम्ही इथे पाय बघत बसलो. त्यांच्या नातवानं तेवढा तुकडा मला फोनवर पाठवला.

मी तो आधी बघितला नाही. आईबरोबरच बघायचा होता. टीव्हीला जोडला, मोठा स्पीकर आणला, आवाज पूर्ण वाढवला. आईनं उजवा कान स्पीकरला टेकवला. बाबा उतरले. या वेळी चेहऱ्यासकट. तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. जाड, घोगरा, हिंदीत शिवी घालणारा. बाबांचा आवाज पातळ होता, चिडले की चिरकायचा. मेल्यांनी स्टुडिओत बसून दुसऱ्याच माणसाचा आवाज चढवला होता! मी रिमोट भिंतीवर आपटला.

"ह्यो कोन बोलतोय?" आईनं विचारलं. तिलाही कळलं होतं. मी मान खाली घातली. माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं, शोधायला जागासुद्धा.

"आवाज बंद कर," ती म्हणाली. "परत लाव."

ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिचे ओठ बाबांच्या ओठांबरोबर हलायला लागले, आणि एकेक शब्द जुळवत ती मोठ्यानं म्हणाली, "बायको... उबी हाय... समोर. कशी... देऊ शिवी?"

आम्ही दोघी बघत राहिलो. बाबा हात उगारून, लालबुंद होऊन हिरोला हेच सांगत होते.

"दिलीच नाय," आई म्हणाली. "एवडी वर्सं मी लोकांसमोर लाजत होते, आनि यांनी दिलीच नाय." मग ती माझ्याकडे वळली. "तुला आवाज आठवतो ना त्यांचा? तसं बोलून दाखव."

मला आठवत होता. पण तो माझ्या गळ्यातून कसा निघणार? तरी मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तितकं पातळ, चिरकं करून म्हणाले, "बायको उबी हाय समोर, कशी देऊ शिवी?"

आईनं डोळे मिटले. ओठ बघायचे नव्हते तिला.

"आजून जोरात," ती म्हणाली.